बोलेपर्यंत सेशन मोजायचं नाही

अमेरिकी नौदलातला विशी-पंचविशीचा एक खलाशी. जहाजावर कुणी काही बोललं की याचा हात उठतो. अशाच एका मारामारीनंतर शिक्षा होते आणि वर हुकूम निघतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन ये. डॉक्टर जेरोम डेव्हनपोर्ट यांच्या हातात तीन भेटी आहेत. तेवढ्यात या पोराचं काय करायचं ते लिहून वर पाठवायचं. पोरगा येतो, खुर्चीत बसतो आणि तोंड उघडत नाही. डॉक्टर सांगतात, तू बोलत नाहीस तोवर आपली पहिली भेट सुरूच होत नाही. मग आठवड्यामागून आठवडे तो येतो, बसतो, निघून जातो. डॉक्टर आपली कागदपत्रं उरकत राहतात. तीनातली एकही भेट खर्ची पडत नाही.

‘अँट्वन फिशर’ हा चित्रपट २००२ सालचा. डेन्झेल वॉशिंग्टन यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, आणि त्यातले डॉक्टरही तेच. मी तो पुष्कळ उशिरा, निवृत्तीनंतर, मुलीच्या लॅपटॉपवर पाहिला. लोक म्हणे शेवटी रडतात. मी इथेच थांबवून मागे नेला आणि पुन्हा पाहिला. मी परिवीक्षा अधिकारी होते, जिल्ह्याच्या ठिकाणी. बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलांच्या घरी जायचं, चौकशी करायची, अहवाल लिहायचा, हे माझं काम. सरकारी नियमाला इतक्या सज्जनपणे गुंडाळताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. नियम मोडला नाही. तीन म्हणजे तीनच. फक्त मोजणीला सुरुवात केली नाही, एवढंच.

हा पोरगा खरा आहे. अँट्वन फिशर १९५९ साली ओहायोतल्या तुरुंगात जन्मला, कारण आई तिथे कैदेत होती. बाप त्याच्या जन्माआधीच गोळी लागून गेला होता. क्लीव्हलंडमध्ये सरकारने त्याला दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलं. त्या घरात त्याने मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, आणि एका मोठ्या बाईने त्याच्याशी जे केलं ते तो वर्षानुवर्षं कुणाला सांगू शकला नाही. मोठा झाल्यावर तिथून बाहेर काढला गेला, रस्त्यावर राहिला, मग नौदलात शिरला आणि तिथे अकरा वर्षं काढली. ‘फाइंडिंग फिश’ हे त्याचं आत्मकथन २००१ साली आलं. चित्रपटाची पटकथाही त्याचीच. ही गोष्ट निर्मात्यापर्यंत पोचली तेव्हा तो सोनीच्या स्टुडिओत सुरक्षारक्षक होता. निर्मात्याला त्याची गोष्ट हवी होती, पण याचं म्हणणं, गोष्ट माझी आहे तर लिहिणारही मीच. पटकथालेखनाच्या एका मोफत वर्गात जाऊन तो ते शिकला. त्याची भूमिका करणारा डेरेक ल्यूक त्याच आवारातल्या भेटवस्तूंच्या दुकानात काम करत होता. हा योगायोग पटकथेत लिहिला असता तर कुणीही फिल्मी म्हणून कापला असता.

आत्मकथनात मला जास्त बोचल्या त्या त्याच्या फायलीतल्या नोंदी. त्याने मोठेपणी त्या मिळवल्या आणि आपल्या आठवणींच्या मधे मधे ठेवल्या. समाजसेविका घरी येऊन गेल्या, मुलाची प्रगती पाहून गेल्या. नोंदी लिहिणाऱ्या दुष्ट नव्हत्या. त्यांना घर दिसत होतं. घर नीटनेटकं होतं आणि चर्चला जाणारं होतं. आमच्याकडच्या सामाजिक तपासणी अहवालातही असेच रकाने असतात. घर पक्कं की कच्चं, उत्पन्न किती, शेजाऱ्यांचं मत काय. शेजाऱ्यांचं मत बहुतेकदा चांगलंच असतं. ज्या घरात मूल भोगतं त्या घराबद्दल शेजाऱ्यांना एरवी काही तक्रार नसते. पाणी वेळेवर भरतात, गणपतीची वर्गणी देतात.

आता माझं म्हणणं. हा चित्रपट ‘कुटुंब सगळं बरं करतं’ असं सांगतो, असा त्याचा गोषवारा केला जातो आणि आपल्याकडे तो फार आवडीने ऐकला जाईल. आपल्याला तो सोयीचा आहे. समितीच्या एका जुन्या सदस्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘‘मॅडम, शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं नातं. समुपदेशन वगैरे तिकडच्या लोकांचं. आपल्याकडे माणसं आहेत की.’’ माणसं आहेत, हे खरं. या मुलांच्या बाबतीत अडचणही बहुधा तीच असते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलणं झालं, महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळाचा एखादा तरी प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि छळ करणाऱ्यांतले जवळपास निम्मे मुलाच्या ओळखीतले, विश्वासातले होते. चित्रपट नीट पाहिला तर क्रम वेगळा दिसतो. आधी एक परका माणूस, ज्याला या कामाचा पगार मिळतो आणि ज्याचा घराण्याच्या अब्रूशी काही संबंध नाही, तो बसतो, थांबतो, ऐकतो. पोराच्या अंगात थोडं बळ आल्यावर तो म्हणतो, आता आपल्या माणसांना शोध. कुटुंब त्याच्या नंतर येतं. आणि जे येतं ते सांभाळणारं घर नव्हे, जन्मदात्री आईसुद्धा नव्हे. ते असतात कधी न पाहिलेले काका, आत्या.

चित्रपटाने यात थोडी चलाखी केली आहे, तीही सांगायला हवी. पडद्यावर तो नौदलात असतानाच डॉक्टरांच्या सांगण्यावरून क्लीव्हलंडला जातो, मैत्रिणीबरोबर बसून फोनच्या पुस्तकातल्या एल्किन्स आडनावाच्या लोकांना एकेक करून फोन लावतो आणि बापाची बहीण सापडते. प्रत्यक्षात फिशर नौदलातून बाहेर पडला, तुरुंगात रक्षकाची नोकरी केली, मग स्टुडिओच्या सुरक्षेवर लागला, आणि तिथे असताना रजा काढून घरच्यांच्या शोधात गेला. म्हणजे डॉक्टरांची खुर्ची आणि आत्याचा दरवाजा यांच्यामधे काही वर्षं गेली. दोन तासांच्या सिनेमात ती वर्षं मावत नाहीत, हे मान्य. पण बरं व्हायला लागणारा काळ त्या कापलेल्या वर्षांतच असतो, आणि तोच पाहणाऱ्याच्या हिशेबातून निसटतो. पालक मला विचारायचे, ‘‘किती वेळा आणायचं?’’ दातांच्या डॉक्टरला विचारावं तसं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे लोकांच्या घशाखाली सहज उतरत नाही. पीडित मुलगा आहे आणि करणारी बाई. अँट्वनला सांभाळणाऱ्या टेट बाईंच्या घरातली नदीन नावाची ही तरुणी चित्रपटात फार थोडा वेळ दिसते, आणि दिग्दर्शकाने तो भाग न दाखवता कळेल असा ठेवला आहे. चांगलं केलं. पण तिच्यामुळे अँट्वनच्या वागण्यातली एक गाठ उलगडते. त्याला मुलगी आवडते, तरी तो तिच्याजवळ जाऊ शकत नाही आणि का ते सांगूही शकत नाही. आपल्या कायद्याला मुलग्यांवरचा अत्याचार नीट दिसायला २०१२ साल उजाडावं लागलं. त्याआधी बलात्काराच्या कलमात पीडित म्हणून फक्त स्त्री होती आणि मुलग्यांच्या तक्रारी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधे ढकलाव्या लागत. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला, त्यात ‘बालक’ म्हणजे १८ वर्षांखालचं कुणीही. त्या २००७च्या अभ्यासात लैंगिक छळ सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. हा आकडा मी प्रशिक्षणांत सांगितला की पुरुष कर्मचारी खाली बघायचे. एखादा हसायचासुद्धा. त्या हसण्याचं मला नवल वाटायचं नाही. मुलगा असून रडतोस काय, हे ऐकतच तोही मोठा झालेला असतो.

एक मुलगा मला आठवतो. गाव सांगत नाही. आई वारलेली, वडिलांचा पत्ता नाही, आत्या सांभाळायला तयार. घर चांगलं, परसात नळ, आत्याचे यजमान सोसायटीत नोकरीला. माझ्या अहवालाचे सगळे रकाने भरले होते, शिफारशीचा सोडून. कार्यालयात त्याच्याशी बोलायला वेगळी खोली नव्हती. कपाटाशेजारी दोन खुर्च्या, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी शिक्का न्यायला येणार. तो भिंतीचे पोपडे काढत बसायचा. एकदा समितीच्या बैठकीसाठी त्याला घेऊन एसटीने निघाले होते. दोघं शेजारी, नजर समोर, ड्रायव्हरच्या पाठीकडे. गाडी घाटात लागल्यावर तो म्हणाला, ‘‘मॅडम, आत्या चांगली आहे. पण ती भिशीला जाते.’’ बस्स. एवढंच. मी काही विचारलं नाही. ती कधी भिशीला जाते आणि तेव्हा घरी कोण असतं हे त्याने नंतर, त्याच्या वेळेने सांगितलं. पुढे कायद्याने करायचं ते सगळं झालं. पण मुलग्यांशी बोलायचं तर समोर नव्हे, शेजारी बसावं, हे मला घाटातल्या त्या एसटीने शिकवलं. कुठल्या परिपत्रकात ते नव्हतं.

या मुलाचं कुटुंब वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आत्याला खरंच माया होती. पण मुलाला बरं करण्याआधी कुटुंबाला एक काम करावं लागतं, ते म्हणजे करणाऱ्याला घराबाहेर काढणं. मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’मध्ये (२००१) नवरीचा बाप ते करतो. लग्नघर भरलेलं आहे, मेहुण्याच्या पैशाचे उपकार डोक्यावर आहेत, तरी पुतणीची बाजू खरी मानून तो मेहुण्याला निघून जायला सांगतो. हात थरथरतात, पण सांगतो. इम्तियाज अली यांच्या ‘हायवे’त (२०१४) ते होत नाही. चॉकलेट आणून देणारा काका दिवाणखान्यात बसलेला असतो आणि मुलीलाच ओरडून ओरडून सांगावं लागतं. मी नोकरीत पाहिलेली घरं दुसऱ्या प्रकारची जास्त होती. ‘‘आता झालं गेलं, पोरीचं लग्न व्हायचंय.’’ ‘‘मुलगा आहे, विसरेल.’’ जेवताना तोच माणूस त्याच पंगतीला.

म्हणूनच ‘अँट्वन फिशर’मधला आईचा प्रसंग मला सर्वांत खरा वाटला. काका त्याला आईच्या घरी घेऊन जातो. व्हायोला डेव्हिस ही भूमिका करते आणि जवळपास काही बोलत नाही. पोरगा तिला सांगतो की मी वाया गेलो नाही, तुरुंगात गेलो नाही. विचारतो, मला न्यायला का आली नाहीस? ती उत्तर देत नाही. तो तिच्या गालाची पापी घेतो आणि निघून जातो. ती तशीच बसून राहते, डोळ्यांतून पाणी. मिठी नाही, ‘माझ्या लेकरा’ नाही, क्षमेचा समारंभ नाही. आपल्या सिनेमात इथे आई हमखास पायरीपर्यंत धावत आली असती आणि मागे सनई वाजली असती. ज्या आईने सोडलं तिच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नसेल, हे मान्य करूनही मुलाचं आयुष्य पुढे जाऊ शकतं. हे मला समितीपुढे अनेकदा सांगायचं होतं. बालन्याय कायद्याचा कल मुलाला कुटुंबात परत नेण्याकडे आहे आणि तत्त्व म्हणून तो योग्यच आहे. संस्थेत मुलं वाढू नयेत. पण ‘पुनर्स्थापित’ असा शेरा मारला की फाइल बंद होते. त्या दिवशी मूल मात्र दाराशी पिशवी घेऊन उभं असतं.

चित्रपटात मला न पटलेलंही आहे. डॉक्टर पेशंटला सणाच्या जेवणाला घरी नेतात. समुपदेशन करणाऱ्या कुणालाही हे पाहताना खुर्चीत अस्वस्थ व्हायला होईल. पोरगा आधीच आईबापांच्या शोधात आहे, त्याला तुम्ही घरचं टेबल दाखवता आणि मग एक दिवस ‘आता आपल्या भेटी संपल्या’ म्हणता! तो प्रतीक्षागृहात सगळ्यांसमोर आरडाओरडा करतो, आणि बरोबर करतो. शेवटी डॉक्टर त्याला आपलं मूल नसण्याचं दुःख सांगून आभार मानतात. हे जरा जास्तच गोड झालं. तुटलेल्या मुलाने डॉक्टरांचा संसारही सांधून द्यावा, ही त्याच्यावर टाकलेली आणखी एक जबाबदारी. शेवटची मेजवानी मात्र मी माफ करते. पहिल्या दृश्यात त्याला पडणारं स्वप्न, कोठारात मांडलेलं लांबलचक टेबल आणि त्यावरचे पॅनकेक, ते खरं झालेलं दाखवलं आहे. पोरांनी हातात ‘स्वागत’ लिहिलेले कागद धरलेत. साखर आहे, पण आधी इतकं कडू खाल्लंय की चालतं.

डॉक्टर त्याला वाचायला एक पुस्तक देतात, ‘द स्लेव्ह कम्युनिटी’, अमेरिकेतल्या गुलामांच्या जगण्याचा इतिहास. टेट बाई मुलांना शिवीनेच हाक मारायची. शिवी सगळ्यांना एकच, त्यामुळे आवाजाच्या चढउतारावरून मुलं ओळखायची की या वेळी कोणाला बोलावलंय. ती शिवी तिच्या तोंडी कुठून आली, मारण्याची ती तऱ्हा कुठून आली, हे त्या पुस्तकातून अँट्वनला कळतं. कळतं म्हणून तो तिला सोडून देत नाही. तिच्या दारात जाऊन तिला आणि नदीनला तोंडावर सांगतो की तुम्ही मला संपवू शकला नाहीत. समजून घेणं आणि सोडून देणं यांतलं अंतर चित्रपटाने इतकं स्वच्छ दाखवलंय की शिक्षकांच्या प्रशिक्षणात तेवढा तुकडा लावावा. आमच्या पिढीत ‘आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं’ म्हणणारे घरोघरी सापडतील.

गोव्यात घडणाऱ्या ‘डियर जिंदगी’ने (२०१६) आपल्याकडे मानसोपचाराला चेहरा दिला, हे मोठंच काम. शाहरुख खान किनाऱ्यावर लाटांशी कबड्डी खेळत समुपदेशन करतो, मग कुणाला भीती वाटणार? पण तिथली नायिका आपल्या पायांनी जाते आणि फी भरते. अँट्वनला पाठवलं जातं, आणि पैसे नौदल देतं. माझ्याकडची सगळी मुलं अँट्वनच्या रांगेतली. त्यांच्यासाठी कोण बसणार?

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. फाशीची मागणी झाली. राग खरा होता आणि तो रास्तही होता. पण त्या दिवसांत टीव्हीवर मी तासन् तास चर्चा ऐकल्या, आणि या मुलींशी पुढची दहा वर्षं कोण बोलणार, हा प्रश्न माझ्या कानावर आला नाही. पॉक्सोच्या नियमांत त्याची तजवीज आहे. मुलाला पोलीस, दवाखाना, कोर्ट यांतून हाताला धरून नेण्यासाठी सहायक व्यक्ती नेमायची असते, आणि ते ऐच्छिक मानता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केलं. कागद भक्कम आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या आकृतिबंधात मात्र समुपदेशकाचं पद एक. अख्ख्या जिल्ह्याला एक, तेही कंत्राटी. ती मुलगी (बहुतेकदा एम.एस.डब्ल्यू. झालेली तरुण मुलगीच असते) शिकते, मुलांची नावं ओळखू लागते, आणि बरी नोकरी मिळाली की जाते. तिला दोष देता येत नाही. पण मूल मग नव्या बाईंसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगतं. काही सांगतच नाहीत. ‘सांगितलंय की त्या मॅडमना’ म्हणतात.

पदं वाढवा, कंत्राटं लांबवा, हे मीही म्हणेन, ते सगळेच म्हणतात. त्याआधी करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. समितीच्या आदेशात ‘मुलाचे समुपदेशन करून १५ दिवसांत अहवाल सादर करावा’ असं एक ठरीव वाक्य असायचं. त्या वाक्यातली मुदत मूल बोलेल त्या दिवसापासून मोजावी, तोपर्यंत ‘भेटी चालू आहेत’ एवढीच नोंद पुरेशी मानावी, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत शक्यतो समुपदेशक बदलू नये, बदललाच तर जुन्याने नव्याची ओळख मुलासमोर करून द्यावी. याला नवा कायदा लागत नाही. मंत्रालयातून शासन निर्णय निघायची वाट पाहावी लागत नाही. समितीच्या आजच्या अधिकारात ते बसतं, आणि अध्यक्षांनी मनावर घेतलं तर पुढच्या बैठकीपासून सुरू होऊ शकतं.